चुन्याच्या देवीचं नाक

"पण वाकडं आहे की नाही?"

बुवा मठाच्या ओट्यावर बसले होते. ते आरसा घासत होते.

"बुवा, मी तुम्हाला विचारतोय. तुम्ही साधू माणूस, तुम्हाला कुणाची भीड नाही. माझ्याकडे नीट बघा आणि सांगून टाका. वाकडं आहे की नाही?"

बुवांनी चिमूटभर राख घेतली. काशाच्या आरशाला कडेशी एक डाग होता, त्यावर ती चोळत राहिले.

विचारणाऱ्याचं नाव मन्मथ. उदगीरला त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. उंच, गोरा, चारचौघांत उठून दिसावा असा गडी. ओट्यावर बसला होता तो मात्र तोंड अर्धं भिंतीकडे करून. डावी बाजू आमच्यासमोर येऊ नये म्हणून. हातात रुमाल. बोलता बोलता तो रुमाल नाकाशी जायचा, सर्दी झाल्यासारखा.

मठाची कोठी तेव्हा माझ्याकडे होती. मी डाळ निवडत बसलो होतो आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसत होतो. केशवगिरी बुवांकडे लोक यायचे ते कुणाचं मूल दगावलं म्हणून, कुणाचा भाऊ तुरुंगात गेला म्हणून. हा पठ्ठ्या नाक दाखवायला आला होता. त्यात नाव मदनाचं!

"नाही म्हटलं तर?" बुवांनी विचारलं.

"तर तुम्ही माझं मन राखताय."

"आणि आहे म्हटलं तर?"

मन्मथनं रुमाल मांडीवर पसरला.

"तर... बरं वाटेल. कुणीतरी खरं बोललं म्हणून."

"किती वेळ बरं वाटेल?"

"संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला.

बुवांनी मान हलवली आणि पुन्हा राख घेतली.

"मी चेहऱ्यांतलाच माणूस आहे, बुवा," मन्मथ म्हणाला. "आमच्या भागातल्या निम्म्या नवऱ्यामुलींची नाकं मी कंप्युटरवर सरळ केलीत. केसभर फरक असू द्या, मला दिसतो. बाकीच्यांना दिसत नाही. माझी नजर चुकत नाही."

हे सांगताना त्याची मान ताठ झाली. नाकाचं दुःख होतं खरं, पण नजरेचा तोरा त्याहून मोठा होता.

"मग तुझंही करून घ्यायचं."

"केलं की. हैदराबादला जाऊन ऑपरेशन करून आलो. डॉक्टर म्हणाले, आता सरळ आहे. सूज होती तोवर सरळच होतं. सूज उतरली आणि उजवीकडे कललेलं दिसायला लागलं. पुन्हा करा म्हटलं, तर ते तयार होईनात. म्हणाले, तुम्हाला नाकाच्या नाही, वेगळ्या डॉक्टरची गरज आहे."

"गेलास?"

"मी काय वेडा आहे?"

मला हसू आवरेना. सुपात तोंड घातलं.

"आरशाशिवाय मला चालत नाही, बुवा, आणि आरशासमोर बसवत नाही. गाडीचा आरसा. दुकानाची काच. जेवायला बसलो की चमचा. चमच्यातसुद्धा बघतो मी. सख्खा मामा गेला, मयतीला गेलो नाही. सगळे माझ्याकडे बघतील म्हणून."

"मयतीला आलेली माणसं तुझं नाक बघत बसतील?" मी मधेच तोंड घातलं.

"मी असतो तर बघितलं असतं," तो म्हणाला.

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की मी पुन्हा डाळीत डोकं घातलं.

बुवांनी आरसा मांडीवर उपडा ठेवला.

"घरी कोण कोण असतं?"

"सध्या कुणी नाही. बायको माहेरी आहे. पोरीला घेऊन गेली."

"पोर केवढी?"

"अडीच वर्षांची. शांभवी."

"कुणासारखी आहे?"

मन्मथनं रुमाल नाकाशी नेला.

"डोळे आईचे. नाक... नाक माझं घेतलंय तिनं."

"मग?"

"मग काय. आमच्या आईनं माझं नाक नीट ओढलं नव्हतं. मी शेंडेफळ, तिला कुठला वेळ. म्हणून मी ठरवलं होतं, पोरीच्या बाबतीत हयगय करायची नाही."

तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना त्याचं नाक तेलाच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचं, म्हणजे ते धारदार होतं, ही आमच्याकडे घरोघरची समजूत. दोन-चार महिने करतात. मग लेकरू मान धरतं, पालथं पडतं, आणि नाकाचं सगळे विसरून जातात.

"अजून ओढतोस?" बुवांनी विचारलं.

"ती माहेरी जाईपर्यंत, रोज सकाळी. कोमट तेल लावून. हळूच, बुवा! जीव आहे माझा तिच्यावर. गालावर थोपटत, थोडंच राहिलं, थोडंच राहिलं असं म्हणत ओढायचो."

"रडते?"

"आधी रडायची. आता नाही रडत."

"आता काय करते?"

"मला बघितलं की नाकावर हात ठेवते."

मी सूप खाली ठेवलं. हसू कुठल्या कुठे पळालं होतं. त्याच्या जागी राग आला होता, आणि आज इतक्या वर्षांनी हे सांगतानाही तो गेलाय असं मी म्हणणार नाही.

"पौर्णिमेला महानंदा इथं येणार आहे," मन्मथ म्हणाला. महानंदा म्हणजे त्याची बायको. "तिचं माहेर इथनं जवळ, दर पौर्णिमेला देवीला येते ती. निरोप धाडलाय. म्हणाली, त्या दिवशी बुवांच्या समोर तुम्हाला बघेन, सुधारलात तर घरी येईन. नाहीतर पोर तुम्हाला पुन्हा दिसायची नाही. मला पोर पाहिजे, बुवा. तिच्याशिवाय घर खायला उठतं. म्हणून म्हणतो, एकदाचं सांगून टाका. वाकडं असलं तर मी मान्य करतो आणि गप्प बसतो. नसलं तर—"

"आरसा धरशील?" बुवा म्हणाले.

"काय?"

"उद्यापासून. देवीच्या स्नानाला."

आता आमच्या देवीचं सांगायला हवं. ती दगडाची नव्हती, पंचधातूची नव्हती. आत माती आणि वर चुन्याचा लेप. कुणी घडवली, कधी घडवली, कुणाला ठाऊक नाही. तिला पाण्याचा थेंब चालायचा नाही. पाणी लागलं की लेप फुगायचा, आतली माती सुटायची. आणि देवीला स्नान तर रोज हवं.

म्हणून आमच्याकडे आरशाला न्हाऊ घालायचे.

एकानं देवीसमोर मांडी घालून बसायचं आणि काशाचा आरसा दोन्ही हातांनी असा धरायचा, की तिचं सबंध रूप त्यात यावं. खाली परात. बुवा देवीच्या बाजूला बसून आरशातल्या कपाळावर, आरशातल्या खांद्यावर गडूनं पाणी घालायचे. आरसा न्हायचा, देवी कोरडी राहायची. पाण्याची पहिली धार पडली की स्नान पुरं होईपर्यंत आरसा खाली ठेवायचा नाही, ही रीत. आग लागली तरी ठेवायचा नाही, असं बुवांचे गुरू म्हणायचे.

"बुवा," मी म्हटलं, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय."

"तू डाळ निवड," बुवा म्हणाले.

मन्मथनं आरसा चांगला धरला, हे कबूल करायला हवं. हात कॅमेऱ्यानं तयार झालेला. तसूभर हलायचा नाही. शिवाय आरशाचं तोंड देवीकडे आणि पाठ धरणाऱ्याकडे, त्यामुळे तेवढा वेळ तरी त्याला स्वतःचं तोंड दिसायचं नाही.

स्नान झालं की मात्र तो लगेच म्हणायचा, "मी पुसतो, बुवा." बुवा आरसा त्याच्याकडे द्यायचे. मग पुसणं चालायचं ते संपायचंच नाही. फडकं एकीकडे, डोळे दुसरीकडे. कधी उजेडाकडे तोंड करून बघायचा, कधी उजेडाकडे पाठ करून. बुवांनी त्याला कधी हटकलं नाही, याचंच मला नवल वाटायचं.

मुक्काम मठातच होता, त्यामुळे दिवसभर माझ्या मागे लागायचा.

"काका, तुम्ही तरी खरं सांगा."

"नाही रे बाबा वाकडं."

"तुम्ही बघितलं पण नाही."

"बघितलं."

"समोरून बघितलं. खालून बघा."

एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आहे, बाबा, वाकडं! बाभळीच्या फांदीसारखं आहे! झालं समाधान?"

त्या दिवशी तो जेवला नाही. मागच्या चिंचेखाली जाऊन बसला. मी ताट घेऊन गेलो तर म्हणाला, "मला ठाऊकच होतं." रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं. चेहरा असा झाला होता की बघवेना, आणि त्याचा नाकाशी काही संबंध नव्हता.

मी ते बुवांना सांगितलं.

"तू आहे म्हणालास, म्हणून तो दुखावला," बुवा म्हणाले. "काल नाही म्हणालास, तेव्हापण दुखावला होता."

"मग माणसानं बोलावं काय त्याच्याशी?"

बुवांनी समईतली वात पुढे सारली.

"ते मलाही येत नाही," म्हणाले.

पौर्णिमा जवळ आली, तशी मन्मथची तगमग वाढली. एका सकाळी स्नान झाल्यावर तो उठलाच नाही. देवीकडे टक लावून बसून राहिला.

"बुवा, देवीचं नाक डावीकडून खचलंय."

"असं?"

"सुतभर. लेप झिजला असेल. तुम्हाला दिसत नाही का?"

"मी जन्मभर तिला न्हाऊ घालतोय."

"म्हणूनच. तुमची नजर सवयीची झालीय."

"व्हय," बुवा म्हणाले. "सवयीचीच आहे."

"मी नीट करून देऊ? चुन्याचं काम मला जमेल. घर बांधताना बघितलंय."

"हात लावायचा नाही."

"पण वाकडं आहे, बुवा! पौर्णिमेला एवढी माणसं येणार..."

"मन्मथ. हात लावायचा नाही."

तो आरसा पुसायला लागला. मला वाटलं, समजला.

चतुर्दशीला बुवांना शेजारच्या गावी तेराव्याला जावं लागलं. मीही पौर्णिमेच्या स्वयंपाकाचं सामान आणायला बाजारात गेलो. बाजारात ओळखीचे भेटले, चहा झाला, उशीर झाला. परत आलो तेव्हा दिवेलागण होत होती. बुवा माझ्या आधीच पोचले होते.

ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभे होते. आत जात नव्हते.

आत मन्मथ देवीसमोर बसला होता. भोवती चुन्याची पाटी, पाण्याची वाटी, एक चमचा आणि एक दाढीचं पातं. कपडे पांढरे झालेले. दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून त्यांत काहीतरी जपून धरलं होतं.

मी देवीकडे बघितलं. तिच्या तोंडाच्या मधोमध मातीचा खड्डा होता.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बुवांनी मला हातानं गप्प केलं.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"जरासा चुना लावला, डावीकडे," मन्मथ म्हणाला. आवाज खालून कुठून तरी येत होता. "चिकटेना, म्हणून जागा ओली केली. मग डावी बाजू बरोबर झाली, तर उजवी उचललेली दिसायला लागली. उजवी खरवडली. मग शेंडा खाली आला. तो उचलला..." त्यानं मान वर केली. "बुवा, मधे एकदा अगदी सरळ झालं होतं. देवाशपथ. मी बघितलं."

"मग थांबला का नाहीस?"

"वाटलं, थोडंच राहिलंय."

बुवा आत आले. त्याच्यासमोर बसले. उपरण्याचं टोक पसरलं, आणि मन्मथनं तळहात उघडून त्यात ते तुकडे ठेवले. काही चुन्याचे होते, काहींचा नुसता चिखल झाला होता.

"मला वाटलं होतं, एक तरी नाक माझ्या हातून नीट झालं, तर मग मी सुटेन," तो म्हणाला.

बुवांनी मान हलवली. राग नव्हता त्यात. मला मात्र त्यांचे हात दिसत होते. ज्या देवीला त्यांनी जन्मात कधी ओल्या बोटानं शिवलं नव्हतं, तिचं तोंड त्यांच्या उपरण्यात चिखल होऊन पडलं होतं. एकेक तुकडा ते दुसऱ्याशी जुळवून बघत होते. ते रडले नाहीत, पण जेवलेही नाहीत, आणि मला तेव्हा वाटलं की आमचे बुवा एका दिवसात म्हातारे झाले.

सकाळी गाव जमलं. बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात.

"खंडित मूर्ती झाली, बुवा," गावातले रामलिंगअप्पा म्हणाले. "आता पुजता यायची नाही. विसर्जन करावं लागेल."

"उद्याचं उद्या बघू," बुवा म्हणाले. "आज स्नान आहे."

"कुणाला स्नान घालणार? तोंड कुठाय तिला?"

बुवांनी ऐकलं न ऐकलं केलं. कोनाड्यातून आरसा काढला आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या मन्मथपुढे धरला.

"धर."

"मी?" मन्मथ म्हणाला. "बुवा, माझ्याच्यानं हे..."

"तूच. नजर चांगली आहे तुझी."

लोकांत कुजबूज झाली. बुवांना इतकं कडू बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. मन्मथनं मान खाली घालून आरसा घेतला.

तेवढ्यात महानंदा आली. हिरवं लुगडं, उन्हानं रापलेला चेहरा, कडेवर लेकरू. गर्दीनं वाट दिली. ती उंबऱ्याशी आली आणि देवी बघून तिथंच खिळली. कुणी काही सांगायच्या आधी तिनं नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या नखांत बसलेल्या चुन्याकडे बघितलं.

कडेवरची शांभवी बापाला बघून आईच्या खांद्यात शिरली. एक हात लगेच नाकावर गेला. दुसऱ्यानं आईचा पदर धरला. तशीच ती बोटांच्या फटीतून देवीकडे बघत राहिली.

मग तिनं आईला विचारलं,

"देवीला बाबांनी तेल लावलं?"

मन्मथच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो.

"व्हय, लेकरा," बुवा म्हणाले.

महानंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कोरडा होता.

"बुवा, मी ह्यांना कधी सोडलं नव्हतं. लेकराला सोडवलं होतं. मला ह्यांचं नाक कधी वाकडं दिसलंच नाही, हाच माझा गुन्हा. रात्रंदिवस सांगितलं, तर म्हणायचे, तुला बघता येत नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. "असो. मला जे बघायचं होतं ते दिसलं. येते मी."

"माय, स्नान होईस्तोवर बस," बुवा म्हणाले.

"कशाला, बुवा?"

"पाणी भरून झालंय. देवीला पारोशी ठेवून जाऊ नये."

ती नाइलाजानं उंबऱ्याच्या आत टेकली. लेकराला मांडीवर घेतलं. तिचं मन तिथं नव्हतं. ती परतीच्या एसटीचा विचार करत होती हे तिच्या बसण्यावरून कळत होतं.

मन्मथ मांडी घालून बसला. आरसा उचलला. देवीचं फुटकं तोंड त्यात आलं असणार, कारण बुवांनी गडू उचलताना क्षणभर डोळे मिटले.

पहिली धार पडली. कपाळावर. मग डोळ्यांवर. मधल्या खड्ड्यापाशी बुवांचा हात सावकाश झाला, तान्ह्याच्या टाळूवर पाणी घालावं तसा. परातीत पाणी वाजत होतं. एक-दोन म्हाताऱ्या रडत होत्या.

शांभवी आईच्या मांडीवरून उतरली.

महानंदानं हात पुढे केला, पण ती निसटली. ती बापाकडे बघत होती. बापाचे दोन्ही हात आरशाला गुंतलेले होते. हे तिनं नीट पारखून घेतलं असावं, कारण तिनं नाकावरचा हात काढला.

समईजवळ तेलाची वाटी होती. तिनं दोन बोटं त्यात बुडवली.

मग ती एकेक पाऊल टाकत बापापाशी गेली.

कित्येक महिन्यांत पोर आपणहून त्याच्या जवळ आली नव्हती. मन्मथचं तोंड उजळलं. आयुष्यात पहिल्यांदा तो आपली डावी बाजू विसरला असेल.

"ये," तो कुजबुजला. "ये, माझी चिमणी, ये."

ती आली. त्याच्या गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. तेलाची बोटं तिनं त्याच्या नाकावरून वरपासून खालपर्यंत फिरवली, अगदी मायेनं. मग नाक चिमटीत धरलं आणि ओढलं.

"थोलंच लाहिलं हं, बाबा," ती म्हणाली.

सूर तिचा नव्हता, मन्मथचा होता. दुसऱ्या हातानं ती त्याच्या गालावर थोपटत होती.

मन्मथनं तोंड वळवलं. तिनं चिमूट सोडली नाही. आरसा डुचमळला.

"आरसा," बुवा म्हणाले.

मन्मथनं आरसा सावरला. पोरीनं पुन्हा तेल लावलं, पुन्हा ओढलं. ऑपरेशन झालेलं नाक ते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

महानंदा उठायला लागली. बुवांनी तिच्याकडे न बघता डावा हात वर केला. ती अर्धवट उठलेली तशीच राहिली.

"दुखतंय गं, शांभवी," मन्मथ म्हणाला.

"थोलंच लाहिलं."

"बाळा, दुखतंय."

तिनं गालावर थोपटलं. पुन्हा ओढलं, जीव लावून, जीभ बाहेर काढून. ती खेळत नव्हती. रागावलेलीही नव्हती. काम करत होती.

आरसा त्याच्या हातात थरथरत होता, पण खाली आला नाही. सगळं गाव त्याचं तोंड बघत होतं, तेलकट, लाल, ओलं, आणि ते झाकायला त्याला एकही हात मोकळा नव्हता.

"बुवा," तो म्हणाला. "बुवा, तिला थांबायला सांगा ना..."

बुवांनी गडू पुन्हा भरला.

"सांगतो की," ते म्हणाले. "झालं का सरळ?"